गव्यानं, डुकरानं पीक खाल्लं? भरपाईचा अर्ज असा करा

सकाळी रानात जावं आणि पोटरीला आलेलं भात गव्यांनी तुडवून टाकलेलं दिसावं, ही कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी-भुदरगडकडं नवी गोष्ट नाही. आजरा-चंदगडला हत्ती, रानडुकरं तर सगळीकडंच. अशा वेळी हात आवरणं अवघड जातं. तरीही पंचनामा होईपर्यंत रान आवरू नका. आमच्या चुलत्यांनी मोडलेला खोडवा त्याच दिवशी कापून जनावरांना घातला. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा दाखवायला काहीच उरलं नव्हतं.

नुकसान झाल्यापासून 3 दिवसांत जवळच्या वनरक्षक, वनपाल किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी अर्ज द्या. पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. वन्यप्राण्यानं पाळीव जनावर मारलं असेल तर 48 तासांत कळवा आणि मढं जागेवरून हलवू नका. कार्यालय लांब असेल तर वन विभागाची हेल्पलाइन 1926 आहे.

अर्जासोबत पिकाची नोंद असलेला सातबारा, आठ-अ, आधार कार्ड आणि बँक पासबुकाची झेरॉक्स जोडा. सातबाऱ्यावर भाऊबंदांची नावं असतील तर त्यांचं संमतीपत्रही लागतं, आणि आपल्याकडं बहुतेक अर्ज इथंच अडतात. ई-पीक पाहणी वेळेवर केलेली नसेल तर पीक होतं हे पटवून देण्यातच दमछाक होते.

फोटो काढताना आधी सगळं रान येईल असा एक घ्या. मग मातीतला खूर जवळून, शेजारी काडेपेटी ठेवून. गव्याचा खूर आणि डुकरानं नांगरल्यासारखी उकरलेली माती यातला फरक वनरक्षकाला लगेच कळतो. पंचनाम्याला वन विभागाबरोबर तलाठी आणि कृषी सहायक असतात. स्वतः हजर राहा आणि क्षेत्र वाचून मगच सही करा.

वनजमिनीवरच्या अतिक्रमणातल्या पिकाला भरपाई मिळत नाही. शिकारीचा गुन्हा असलेलाही अपात्र ठरतो. म्हणून डुकरासाठी फासा किंवा विजेची तार लावायचा विचार मनातही आणू नका. त्या तारेनं माणसंही गेली आहेत.

पिकाचे दर शासन निर्णयानुसार बदलतात, तेव्हा चालू दर वनपालांनाच विचारा. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस दगावल्यास वारसाला 25 लाख रुपये मिळतात.

हा अर्ज म्हणजे कुणापुढं हात पसरणं नव्हे. राधानगरीजवळचं दाजीपूरचं जंगल संस्थानकाळात शिकारीसाठी राखीव होतं, 1958 मध्ये ते गव्यांसाठी अभयारण्य झालं. पुढं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला मनाई केली. अमेरिकेत शिकारीच्या परवान्यांची फी वन्यप्राण्यांच्या देखभालीला जाते. आपल्याकडं तो खर्च सरकारी तिजोरीतून होतो. गवा सगळ्या राज्याचा असेल, तर त्यानं खाल्लेल्या भाताचा भार एकट्या रानमालकानं का सोसायचा?