तणनाशकाचा फवारा आणि वहाळातले शेवाळ

पाऊस ओसरू लागला की कोकणातील आंबा-काजूच्या बागांत बेणणीची वेळ येते, आणि मजूर मिळेनासे झाल्यापासून कोयत्याचे काम कुठे ग्रासकटर, तर कुठे तणनाशकाचा पंप करू लागला आहे. फवारलेल्या औषधाचा काही अंश उतारावरून पऱ्ह्यात, वहाळात आणि पुढे वाशिष्ठी, काजळी, गड यांसारख्या नद्यांत उतरू शकतो. तेथे त्याची गाठ शेवाळाशी पडते, आणि शेवाळही तणासारखेच सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणारे.

अडचणीचे मूळ या साम्यातच आहे. ॲट्राझीन व डाययुरॉन ही तणनाशके हरितलवकातील डी-१ या प्रथिनावर प्लास्टोक्विनोन या इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या रेणूची जागा अडवतात. पाण्याचा रेणू फोडून मिळालेले इलेक्ट्रॉन पुढे सरकत नाहीत, अन्ननिर्मिती खुंटते आणि वापराविना राहिलेल्या प्रकाशऊर्जेतून ऑक्सिजनची घातक रूपे तयार होऊन पेशीलाच इजा करतात. ग्लायफोसेटची रीत निराळी आहे. ते शिकिमेट मार्ग या पेशीतील रासायनिक साखळीतले एक विकर (एन्झाइम) बंद पाडते, त्यामुळे फेनिलअलानीन, टायरोसीन आणि ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्ले बनत नाहीत. हा मार्ग माणसाच्या शरीरात नाही, म्हणून औषध निर्धोक, असे सांगितले जाते. शैवालात मात्र तो आहे, याचा उल्लेख क्वचितच होतो.

ग्लायफोसेट लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांना घट्ट चिकटते, आणि जांभ्यापासून बनलेली कोकणची माती याच ऑक्साइडांनी भरलेली असते. त्यामुळे ते पाण्यात विरघळून जाण्यापेक्षा धुपलेल्या तांबड्या गाळाबरोबर वाहून जाण्याची शक्यता अधिक. जुलैतल्या लोंढ्यात ते विरळ होते, पण ऑक्टोबरात वहाळ बारीक झालेला असताना फवारणीमागोमाग परतीच्या पावसाची एखादी जोरदार सर आली, तर तेवढे पाणी मिळत नाही.

शेवाळ सरसकट मरते असे नाही. नाजूक जाती मागे पडतात, सोशीक जाती त्यांची जागा घेतात. ग्लायफोसेटच्या रेणूत फॉस्फरस असतो आणि शेवाळाप्रमाणेच सूर्यप्रकाशावर जगणारे काही नील-हरित जीवाणू तो खाद्य म्हणून वापरू शकतात. अर्जेंटिनात उघड्यावरील टाक्यांत केलेल्या प्रयोगांत ग्लायफोसेटयुक्त तणनाशक घातल्यावर अतिसूक्ष्म नील-हरित जीवाणू वाढले होते. म्हणजे विषबाधा झालेले पाणी उलट अधिक हिरवे दिसू शकते. दगडावरचा निसरडा तपकिरी थर बहुधा डायटम या एकपेशीय शैवालांचा असतो आणि त्यात पौष्टिक मेदाम्ले भरपूर असतात. तो विरळ झाला, की त्यावर चरणाऱ्या गोगलगायी, बेडूकमासे (बेडकांची पिल्ले) आणि लहान मासे यांचे खाणे निकृष्ट होते.

प्रयोगशाळेतील प्रमाणित चाचणी एकाच जातीचे शैवाल 72 तास वाढवून त्याची वाढ किती खुंटली ते मोजते. जातींची ही अदलाबदल तिच्यात दिसत नाही. त्यासाठी बागेच्या वरच्या आणि खालच्या बाजूचे दगड, फवारणीच्या आधी आणि नंतर, ठरावीक क्षेत्रफळापुरते ब्रशने घासून डायटमांची मोजणी करावी लागते. मात्र जिवंत पेशी आणि रिकामी कवचे वेगवेगळी मोजली पाहिजेत, कारण डायटमचे कवच सिलिकाचे असल्याने पेशी मेल्यावरही ते टिकून राहते.