आरशांचे बहुफलक : वाद आकाराचा कमी, जागेचा जास्त

मोकळ्या जागेत आरशासारखं चकचकीत बहुफलक, म्हणजे अनेक सपाट पैलूंचं, शिल्प उभं राहिलं की फोटो काढणाऱ्यांची झुंबड उडते आणि पाठोपाठ तक्रारीही येतात. त्या तक्रारी वाचल्या तर गंमत दिसते. आकार आवडला नाही असं म्हणणारे थोडेच असतात. बाकीच्यांचा सवाल एवढाच असतो की हे इथं कोणी आणून ठेवलं, आणि कोणाला विचारून?

बहुफलकांवर राग धरण्याचं तसं कारण नाही. नियमित, म्हणजे सगळे पैलू सारखे असलेले, बहुफलक पाचच आहेत हे ग्रीकांना ठाऊक होतं. प्लेटोने त्यातले चार अग्नी, पृथ्वी, वायू आणि जल यांना वाटून दिले आणि पाचवा विश्वासाठी राखला. पुढे 1509 मध्ये व्हेनिसला छापलेल्या इटालियन गणिती लुका पाचोलीच्या ग्रंथासाठी लिओनार्दो दा विंचीने या घनाकृतींची चित्रं काढली. नेपल्सच्या कापोदीमोंते संग्रहालयात पाचोलीचं साधारण 1495 चं एक व्यक्तिचित्र आहे. त्यात वर एक 26 पैलूंचा काचेचा बहुफलक टांगलेला आहे, अर्धा पाण्याने भरलेला, आणि त्याच्या पैलूंवर समोरच्या इमारतीचं प्रतिबिंब रंगवलेलं आहे. चित्रकार नेमका कोण यावर अजून एकमत नाही, पण प्रतिबिंब पेलणारा बहुफलक कलेत आला तो इतका जुना.

प्रत्यक्ष आरशांचं शिल्प मात्र बऱ्याच उशिरा आलं. 1965 मध्ये अमेरिकी शिल्पकार रॉबर्ट मॉरिस यांनी न्यूयॉर्कच्या ग्रीन गॅलरीत आरसे लावलेले चार घन जमिनीवर मांडले. ते बघायला गेलेल्याला दिसायचे स्वतःचे पाय, फरशी, शेजारचा घन आणि त्या घनातली आणखी प्रतिबिंबं. शिल्पाला स्वतःचं रूपच उरलं नव्हतं. जी खोली मिळेल तीच त्याचं रूप. गॅलरीत हे खपून गेलं, कारण तिथे माणूस आपण होऊन येतो.

शहराच्या चौकातही आरसा खपतो, पण तो गुळगुळीत असेल तर जास्त. मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचं शिकागोतलं ‘क्लाउड गेट’ 168 स्टीलच्या पत्र्यांचं आहे. त्यांचे सगळे सांधे घासून नाहीसे केले आणि 2006 मध्ये काम पूर्ण झालं. लोकांनी त्याला ‘बीन’ (इंग्रजीत घेवड्याचा दाणा) म्हणायला सुरुवात केली. कपूर यांना हे नाव सुरुवातीला रुचलं नव्हतं, पण लोक ऐकतात थोडेच! तिथे माणसाचा चेहरा ताणला जातो, वाकतो, पण सलग राहतो. बहुफलकात तो कडेपाशी तुटतो. डोकं एका पैलूत, खांदा दुसऱ्यात. मला हे तुकडे जास्त प्रामाणिक वाटतात, पण सेल्फी काढणाऱ्यांचं मत वेगळं असू शकतं.

उन्हाचा मुद्दाही नेहमी निघतो. 2013 मध्ये लंडनच्या 20 फेनचर्च स्ट्रीट या इमारतीच्या खोलगट काचेच्या दर्शनी भागाने ऊन एकवटून खाली उभ्या गाडीचे भाग वितळवले, तेव्हापासून चकचकीत म्हटलं की लोकांना तेच आठवतं. ही भीती इथे अस्थानी आहे. बाहेर फुगलेल्या बहुफलकाचा प्रत्येक सपाट पैलू ऊन वेगळ्या दिशेला फेकतो, एका जागी गोळा करत नाही. डोळे दिपतात हे मात्र खरं, आणि आरशात आकाश दिसल्याने पक्षी आपटतात हेही खरं.

सगळ्यात मोठा गदारोळ झाला तो आकाशात. 21 जानेवारी 2018 रोजी रॉकेट लॅब या कंपनीने न्यूझीलंडच्या माहिया द्वीपकल्पावरून आपल्या रॉकेटसोबत ‘ह्युमॅनिटी स्टार’ नावाचा सुमारे एक मीटर व्यासाचा, साठाहून अधिक आरसेदार पैलूंचा गोळा गुपचूप वर धाडला आणि काही दिवसांनी जाहीर केलं. गोळा स्वतःभोवती फिरायचा, त्यामुळे एकेका पैलूवरची उन्हाची तिरीप जमिनीवर लुकलुकत पोचायची. लोकांनी वर बघावं, आपण सगळे एकाच ग्रहावरचे आहोत हे आठवावं, अशी संस्थापक पीटर बेक यांची भूमिका होती. खगोलशास्त्रज्ञ भडकले. अंधारं आकाश ही त्यांची प्रयोगशाळा, आणि तिथे कोणा एकाने आपल्या मर्जीने दिवा लावला होता. काहींनी त्याला सरळ अवकाशातली ग्राफिटी, म्हणजे न विचारता भिंतीवर केलेली रंगरंगोटी, म्हटलं. नऊएक महिने टिकेल असा अंदाज असलेला गोळा 22 मार्चलाच वातावरणात शिरून जळाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकी कलावंत ट्रेव्हर पॅग्लेन यांचा ‘ऑर्बिटल रिफ्लेक्टर’ हा हिऱ्यासारखा लांबट आरसेदार फुगाही कक्षेत गेला. पण अमेरिकी सरकारचं कामकाज ठप्प होतं, फुगवण्याची परवानगी लांबली, संपर्क तुटला आणि तो कधी उलगडलाच नाही.

जमिनीवर सगळ्यात गाजला तो अमेरिकेतल्या युटा राज्याचा त्रिकोणी धातूचा स्तंभ. 18 नोव्हेंबर 2020 रोजी हेलिकॉप्टरमधून रानमेंढ्या मोजणाऱ्यांना तो लाल खडकांच्या घळीत दिसला. उंची सुमारे तीन मीटर. उपग्रहचित्रांवरून कळलं की तो 2016 पासून तिथेच होता. म्हणजे चार वर्षं त्याचा कोणालाही त्रास झाला नव्हता. ठिकाण नेटकऱ्यांनी शोधून काढलं, मग गाड्या झाडोऱ्यावरून गेल्या, शौचालय नसलेल्या वाळवंटात माणसांची घाण साचली. 27 नोव्हेंबरच्या रात्री चार जणांनी तो उखडून नेला. कारण त्यांनी जागेचंच सांगितलं: स्तंभापेक्षा गर्दीने होणारी नासाडी त्यांना सहन होत नव्हती. काही लोक त्यांना चोर म्हणाले, काहींनी आभार मानले. दरम्यान रोमानियासह ठिकठिकाणी नकला उभ्या राहू लागल्या होत्या.

जून 2024 मध्ये लास व्हेगासजवळ गॅस पीकपाशी तसाच एक स्तंभ सापडला, तोही रानमेंढ्यांसाठी राखलेल्या अभयारण्याच्या हद्दीत. या वेळी प्रशासनाने गर्दीची वाट पाहिली नाही. लोकांची सुरक्षितता आणि पर्यावरण ही कारणं देऊन काही दिवसांतच तो हलवला.