मूळ कथाचित्रे, बालपुस्तकांतील

मुलांच्या पुस्तकासाठी किंवा मासिकासाठी चित्रकाराने स्वतःच्या हाताने काढलेले आणि ज्यावरून छपाईचा ठोकळा, ब्लॉक किंवा फिल्म तयार केली जाते ते चित्र. मुखपृष्ठ, पानभर रंगीत चित्रे, मजकुराच्या कडेची रेखाचित्रे आणि प्रकरणाच्या शेवटची छोटी सजावट या सर्वांचा यात समावेश होतो. पुस्तकाच्या प्रती हजारोंनी निघतात, मूळ चित्र मात्र एकच असते. तरीही मराठी प्रकाशनव्यवहारात ते दीर्घकाळ छपाईचा कच्चा माल मानले गेले. संग्राह्य वस्तू म्हणून त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी अलीकडची आहे. प्रस्तुत नोंदीत या चित्रांच्या मोलाचा विचार मुख्यतः कोल्हापूरच्या चित्रपरंपरेला धरून केला आहे.

मूळ कोणते : हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, कारण त्याचे उत्तर छपाईच्या पद्धतीनुसार बदलते. एकोणिसाव्या शतकात पुस्तकांतील बहुतेक चित्रे लाकडी ठोकळ्यावर कोरून छापली जात. चित्रकार ठोकळ्यावर चित्र काढी किंवा कागदावरचे चित्र त्यावर उतरवून घेई, आणि कोरणारा कारागीर रेषा सोडून बाकीचे लाकूड काढून टाकी. कोरकाम पूर्ण झाले की ठोकळ्यावरचे रेखाटन नाहीसे झालेले असे. जॉन टेनिएल (१८२०–१९१४) या इंग्रज चित्रकाराने लुईस कॅरॉलच्या ‘अ‍ॅलिस’च्या दोन्ही पुस्तकांसाठी काढलेली चित्रे लंडनच्या डॅल्झिएल बंधूंनी अशीच कोरली. ठोकळे झिजू नयेत म्हणून छपाई त्यांच्या धातूच्या प्रतिकृतींवरून झाली. मूळ ठोकळे १९८५ मध्ये लंडनमधील एका बँकेच्या तिजोरीत सापडले. या ठोकळ्यांनाच मूळ चित्र मानावे असे एक मत आहे, तर टेनिएलची कागदावरची पेन्सिल-रेखाटने हीच मूळ, असे दुसरे. ठोकळ्यावर दोघांचा हात चाललेला असतो आणि त्यातली बारीक कलाकुसर बहुधा कोरणाऱ्याची असते. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. लिनोकटची, म्हणजे लिनोलियमचा तुकडा कोरून छापलेल्या चित्राची, गोष्ट मात्र वेगळी आहे. रवींद्रनाथ टागोरांच्या ‘सहज पाठ’ (१९३०) या बंगाली बालवाचनमालेसाठी नंदलाल बोस यांनी केलेल्या चित्रांत कोरलेल्या पृष्ठभागाबाहेर मूळ शोधण्याचे कारण उरत नाही, कारण कल्पना आणि कोरीव रेषा तिथे एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

शिळाछापाने मूळ चित्र जवळजवळ नाहीसेच केले. पुण्याचा चित्रशाळा छापखाना (१८७८) आणि रविवर्मा छापखाना (१८९४) यांनी ज्या पद्धतीने रंगीत चित्रे घरोघर पोहोचवली तीत प्रत्येक रंगासाठी निराळी शिळा लागे. शिळेवर तेलकट शाईने उलटे चित्र काढले जाई, आणि काम झाल्यावर तीच शिळा घासून पुढच्या कामाला घेतली जाई. चित्र शिळेवर उतरवणारा कारागीर पुष्कळदा मूळ चित्रकाराहून निराळा असे.

कॅमेरा छापखान्यात आल्यावर ही स्थिती पालटली. हाफटोन पद्धतीत चित्राचे जाळीतून छायाचित्र घेतात आणि लहानमोठ्या ठिपक्यांचा ब्लॉक ॲसिडने कोरून काढतात. मूळ कागदाला धक्का लागत नाही. भारतात या तंत्राचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणाऱ्यांत कलकत्त्याचे उपेंद्रकिशोर रायचौधुरी (१८६३–१९१५) अग्रणी होते. आपला ब्लॉक तयार करण्याचा व्यवसाय त्यांनी १८९५ च्या सुमारास सुरू केला. ते स्वतः मुलांसाठी लिहीत आणि चित्रेही काढीत. १९१३ मध्ये त्यांनी काढलेले ‘संदेश’ हे बालमासिक या तिन्ही अंगांचा मेळ दाखवते.

केवळ रेषांच्या चित्रांसाठी ‘लाइन ब्लॉक’ वापरत. त्यासाठी चित्र पांढऱ्याशुभ्र कार्डावर काळ्या ड्रॉइंग इंकने आणि छापायच्या आकाराच्या दीडपट ते दुप्पट काढण्याची रीत होती. लहान करताना रेषेतला थरकाप दबतो आणि काम नेटके दिसते. म्हणूनच मूळ चित्र हाती घेणाऱ्याला ते छापील चित्रापेक्षा मोठे आणि काहीसे मोकळे वाटते. चुकलेली रेषा पांढऱ्या पोस्टर कलरने बुजवलेली असते. समासात फिकट निळ्या पेन्सिलीने रुंदीचे माप आणि ब्लॉकमेकरसाठी सूचना लिहिलेल्या आढळतात. निळा रंग ब्लॉकसाठी छायाचित्र घेण्याच्या फिल्मवर उमटत नसे, म्हणून निळी पेन्सिल. या खुणा पुसून चित्र ‘स्वच्छ’ करण्याचा मोह काही फ्रेमवाल्यांना होतो. त्यांनी तो आवरावा, कारण चित्र खरोखर छपाईसाठी वापरले गेले होते याचा तोच पुरावा असतो.

दोनरंगी कामात गुंतागुंत वाढते. काळ्या रेषांचे चित्र एका कार्डावर आणि दुसऱ्या रंगाचे भाग त्यावर चिकटवलेल्या ट्रेसिंग पेपरवर किंवा पारदर्शक तावावर काढत. तो थरही काळ्या शाईतच असे, कोपऱ्यांत थर जुळवण्यासाठी अधिक चिन्हाच्या (+) खुणा असत, आणि रंग छापखान्यात शाईच्या रूपाने येई. म्हणजे मुलांनी पाहिलेले तांबडे-काळे चित्र कोणत्याही एका कागदावर कधीच अस्तित्वात नव्हते. अशा ठिकाणी सर्व थर मिळून मूळ चित्र होते. सुटा एक थर, तो कितीही देखणा असला तरी, अपुरा होय.

कोल्हापूर : करवीर नगर वाचन मंदिरासारखे १८५० पासूनचे ग्रंथालय आणि राजर्षी शाहू महाराजांनी (१८७४–१९२२) १९१७ मध्ये हाती घेतलेले सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण यांमुळे या संस्थानात वाचणारा वर्ग तयार होत होता. वाचन आणि चित्रकला या दोन गोष्टी मात्र शहरात बराच काळ समांतर चालल्या. कोल्हापूरचा चित्रकार मुख्यतः निसर्गचित्रे, व्यक्तिचित्रे, नाटकाचे पडदे आणि पुढे सिनेमाची पोस्टरे यांत रमला. मुलांची मासिके पुण्या-मुंबईहून आणि मद्रासेहून येत. वा. गो. आपटे यांनी १९०६ मध्ये सुरू केलेला ‘आनंद’ पुण्याचा, १९५२ पासून मराठीत निघू लागलेला ‘चांदोबा’ मद्रासचा. ‘चांदोबा’ची चित्रे तिथल्या कार्यालयातले पगारी चित्रकार काढत आणि तीच चित्रे सगळ्या भाषांतील आवृत्त्यांना पुरत. विक्रम-वेताळाची ओळख कोल्हापुरातल्या कित्येक पिढ्यांना झाली ती के. सी. शिवशंकरन (‘शंकर’) यांच्या कुंचल्यातून.

आबालाल रहिमान हे कोल्हापूरच्या परंपरेचे आद्य नाव. त्यांच्या जन्मवर्षाबद्दल एकवाक्यता नाही. १८५६ आणि १८६० ही दोन्ही वर्षे आढळतात, त्यामुळे जन्म या दोहोंच्या दरम्यानचा धरणे सुरक्षित. मृत्यू १९३१ चा. शाहू महाराजांच्या पदरी असलेल्या या चित्रकाराची रंकाळा व कोटितीर्थ परिसराची जलरंगचित्रे पातळ, पारदर्शक थरांसाठी नावाजली जातात. महाराजांच्या निधनानंतर त्यांनी आपली पुष्कळ चित्रे पाण्यात सोडली अशी आख्यायिका कोल्हापुरात सांगतात. ती शब्दशः घेऊ नये. चित्र हे विकण्या-जपण्याची वस्तू नव्हे, ही त्या काळची धारणा तीतून कळते एवढे खरे. आनंदराव पेंटर (मृत्यू १९१६) आणि बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) या दोघांनी नाटकांचे पडदे रंगवले. बाबूरावांनी सु. १९१८ मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली. त्यांच्या ‘कल्याण खजिना’ (१९२४) या चित्रपटाचे पोस्टर टिकून राहिलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट-पोस्टरांपैकी एक मानले जाते. पडदा फाटला की दुसरा, चित्रपट उतरला की पोस्टर रद्दीत: कामापुरत्या चित्राची ही रीत शहराच्या अंगवळणी पडली होती, आणि बालपुस्तकांच्या चित्रांकडेही तशाच नजरेने पाहिले गेले.

कोल्हापुरात जन्मलेले वसंत सरवटे (१९२७–२०१६) हे या संदर्भात वेगळे ठरतात. पेशाने अभियंता असलेल्या सरवट्यांची ओळख व्यंगचित्रकार आणि पुस्तकांचे चित्रकार म्हणून आहे. त्यांनी रेषेच्या कामाविषयी विपुल लेखनही केले. त्यांचे चित्र मजकुराची सजावट करत नाही, तर स्वतःचे काही म्हणते.

आबालाल आणि सरवटे ही दोन टोके शेजारी ठेवली की मूळ चित्राच्या मोलाविषयी एक गोष्ट उघड होते. छपाईने चित्रातून काय वजा केले, यावर ते मोल बरेचसे अवलंबून असते. कोल्हापुरी वळणाच्या जलरंगात कागदाचा पांढरेपणा थरातून झिरपतो. हाफटोनच्या ठिपक्यांत, विशेषतः मासिकाच्या खरबरीत कागदावर, तो मळका होतो. अशा चित्राचे मूळ पाहणे म्हणजे बहुतांशी पहिल्यांदाच चित्र पाहणे. लाइन ब्लॉकच्या कामात वजाबाकी अगदी थोडी. तिथे मूळ कागदाचे आकर्षण रंगात नसून आकारात, दुरुस्त्यांत आणि हाताच्या वेगात असते. संग्राहक मात्र पुष्कळदा उलटा विचार करतात आणि रेषाचित्रांना ‘साधी’ म्हणून खालची किंमत देतात.

बाजारभाव : युरोपात या चित्रांची लिलावात मोठी उलाढाल होते. आर्थर रॅकम (१८६७–१९३९) याच्या पुस्तकांची मूळ चित्रे पुस्तक निघताना लंडनच्या लेस्टर गॅलरीत १९०५ पासून विक्रीला मांडली जात. प्रकाशन आणि चित्रविक्री यांची ही सांगड आजही अनुकरणीय आहे. बीट्रिक्स पॉटर हिचे सशांच्या नाताळ-मेजवानीचे जलरंगचित्र २००८ मध्ये २,८९,२५० पौंडांना विकले गेले. ई. एच. शेपर्ड याने काढलेला ‘विनी-द-पू’ या गोष्टीतील अस्वलाच्या जंगलाचा नकाशा २०१८ मध्ये ४,३०,००० पौंडांना गेला. एर्जेच्या ‘टिनटिन’ या चित्रकथामालिकेसाठी १९३६ मध्ये केलेल्या एका मुखपृष्ठचित्राला पॅरिसमध्ये जानेवारी २०२१ मध्ये ३१ लाख युरोंहून अधिक किंमत आली. ते चित्र मुखपृष्ठावर कधी छापलेच गेले नव्हते, कारण चार रंगांत छापणे प्रकाशकाला परवडणारे नव्हते. त्यावर घड्या आहेत. प्रकाशकाच्या लहान मुलाला ते भेट मिळाले आणि त्याने घडी घालून खणात ठेवले, असे विक्रेत्यांचे म्हणणे होते. घड्या टपालाने पाठवताना पडल्या असाव्यात असे इतर जाणकार म्हणतात. वादाचा रोख घड्यांपेक्षा मालकीवर आहे. चित्र भेट दिले होते की परत करायचे राहून गेले होते?

मराठीत हाच प्रश्न जवळजवळ प्रत्येक जुन्या चित्रामागे उभा राहतो. चित्र ब्लॉकमेकरकडे जाई, तिथून छापखान्यात, आणि पुष्कळदा तिथेच राही. ‘किशोर’ (१९७१ पासून) या बालभारतीच्या मासिकाचे जुने अंक आता संगणकावर सर्वांना खुले आहेत. त्यामुळे अभ्यासकाची मोठी सोय झाली, परंतु तिथे दिसते ते छापील पान. कोल्हापुरात टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालय आणि राजारामपुरीतील चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय इथे स्थानिक चित्रकारांचे काम पाहता येते. तिथल्या चित्रांत भर निसर्गचित्रे आणि व्यक्तिचित्रे यांवर आहे. निव्वळ बालपुस्तकांच्या चित्रांना वाहिलेल्या संस्था परदेशात आहेत : तोक्योतील चिहिरो कलासंग्रहालय (१९७७) आणि अमेरिकेतील ॲमहर्स्ट येथील एरिक कार्ल संग्रहालय (२००२).

कायदा : कागदाची मालकी आणि चित्राचा कॉपीराइट या दोन निराळ्या गोष्टी आहेत. चित्र विकत घेतल्याने ते पुन्हा छापण्याचा हक्क मिळत नाही. भारतीय कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. मासिकाच्या नोकरीत काढलेल्या चित्राबाबत, निराळा करार नसेल तर, मासिकांत छापण्यापुरता हक्क मालकाचा आणि इतर बाबतींत चित्रकाराचा, अशी कलम १७ मध्ये विभागणी आहे. कलम ५३अ फारसे कोणाला ठाऊक नसते. मूळ चित्राची फेरविक्री १०,००० रुपयांहून जास्त किमतीला झाली तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्या किमतीत वाटा मागता येतो, मात्र तो १० टक्क्यांहून अधिक असू शकत नाही.

जतन : काळी ड्रॉइंग इंक कार्बनची असल्याने टिकाऊ असते, रंगीत शाया उजेडाने उडतात, आणि पोस्टर कलर जाड थरात तडकतो. जलरंगाच्या चित्रांवर प्रदर्शनात ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) जास्त उजेड पडू देऊ नये असा संग्रहालयांचा संकेत आहे. कोल्हापुरात खरी भीती ओलाव्याची. पावसाळ्यात कार्डावर बुरशीचे पिवळट-तपकिरी ठिपके उमटतात आणि कसर गोंदाच्या जागा आधी खाते. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाणी तिच्या कितीतरी वर चढले आणि नदीकाठच्या वस्त्यांतील घरे-दुकाने दिवसेंदिवस पाण्यात राहिली. भिजलेल्या चित्रात काळी रेषा बहुधा वाचते, पोस्टर कलर विरघळतो. चिकटलेले कागद ओढून सुटे करू नयेत आणि उन्हात वाळवू नयेत. टीपकागदांमध्ये सपाट ठेवून सावलीत सुकवावेत. लॅमिनेशन कटाक्षाने टाळावे, कारण ते पुन्हा काढता येत नाही.

संगणकीय चित्रे : दळवीज् आर्ट इन्स्टिट्यूट, कलानिकेतन यांसारख्या कोल्हापूरच्या कलासंस्थांत हाताने रंगकाम शिकलेले विद्यार्थीही आता पुस्तकांची चित्रे बहुधा टॅब्लेटवर करतात. अशा कामात कागदी मूळ नसते. चित्रकाराच्या सहीच्या मोजक्या छापील प्रतींना काही जण मूळ चित्राचा दर्जा देतात, परंतु त्या मुद्राचित्रांच्या वर्गातच ठेवणे योग्य. संगणकावर बसण्याआधी वहीत पेन्सिलीने केलेली कच्ची रेखाटने मात्र मूळ सामग्रीत मोडतात.