बसघर

बसघर : शाळेची किंवा प्रवासी वाहतुकीची जुनी बस आतून मोकळी करून तिच्यात झोपणे, स्वयंपाक, अंघोळ व साठवण यांची कायम सोय केली, की तिला बसघर म्हणतात. अमेरिकेत अशा गाडीचे लाडके नाव 'स्कूली'. मराठीत शब्द अजून स्थिरावलेला नाही. 'फिरते घर', 'चाकांवरचे घर' असेही म्हटले जाते. प्रस्तुत नोंदीत 'बसघर' या एका शब्दाखाली दोन निराळ्या गोष्टी येतात. एक, आरसी बुक जिवंत असलेले व रस्त्यावर चालणारे फिरते बसघर. दुसरे, नोंदणी रद्द होऊन शेतात किंवा परड्यात टेकलेले थांबते बसघर. दोन्हींचे सुतारकाम सारखे असते, कायदा मात्र पूर्ण वेगळा लागतो. सातारा व सांगली जिल्ह्यांत बॉडीचे गॅरेज, वेल्डर, सुतार आणि वायरमन शोधावे लागत नाहीत. अडते ते कागदावर. म्हणून हा भेद आधी सांगणे भाग आहे.

शब्दविचार : 'बस' हे 'ऑम्निबस' या शब्दाचे उरलेले शेपूट होय. लॅटिन 'ऑम्निस' म्हणजे सर्व. त्याचे चतुर्थीचे बहुवचन 'ऑम्निबुस', म्हणजे सर्वांसाठी. 'बस' हा लॅटिनमध्ये स्वतंत्र शब्द नव्हेच, नुसता प्रत्ययाचा तुकडा आहे. फ्रान्समधील नांत शहरात स्टानिस्लास बोद्री याने १८२६ च्या सुमारास आपल्या स्नानगृहाकडे गिऱ्हाईक नेण्यासाठी घोडागाड्या सुरू केल्या. गाडी सुटे त्या ठिकाणी ओम्नेस नावाच्या टोपीविक्याचे दुकान होते, त्याने पाटीवर 'ऑम्नेस ऑम्निबुस' अशी आपल्याच नावावर कोटी केली होती आणि तीच गाडीला चिकटली, अशी कथा बहुतेक संदर्भग्रंथ देतात. त्या जागी त्या नावाचा टोपीविक्या असल्याचा समकालीन पुरावा मिळत नसल्याने काही अभ्यासक ही कथा मागाहून रचलेली मानतात. 'सर्वांसाठी' हा अर्थ कथेवाचूनही गाडीला पुरेसा बसतो. तेव्हा हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मराठी कानाला मात्र 'बस' हे 'बसणे'चे आज्ञार्थी रूप लागते, आणि बसघराच्या कामात पहिल्यांदा उपटून काढतात ती बसायची बाके, हा निव्वळ योगायोग.

या गाडीला शोभला असता असा जुना शब्द 'बिऱ्हाड' आहे. राहण्याची तात्पुरती जागा आणि तिथे मांडलेला संसार हे दोन्ही त्यात येतात. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते ते याच अर्थाने. कन्नडमध्ये 'बिडार' म्हणजे मुक्कामाची जागा, तळ. मराठीतही 'बिढार' हे जवळचे रूप आहे. या शब्दाचे मूळ कन्नडकडे शोधणे सयुक्तिक वाटते. जत-मिरजेच्या पट्ट्यात तर दोन्ही भाषा एकाच अंगणात बोलल्या जातात.

उगम : शाळेची बस हे वाहन घरासाठी सोयीचे का ठरले, याचे उत्तर तिच्या मानकीकरणात आहे. एप्रिल १९३९ मध्ये न्यूयॉर्क येथे कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात फ्रँक सायर यांनी परिषद भरवली. अमेरिकेतील तत्कालीन ४८ राज्यांचे प्रतिनिधी तिथे आले आणि शाळेच्या बससाठी ४४ मानके ठरली. पिवळा रंग हा त्यांतला सर्वांत गाजलेला निर्णय. लांबी, छताची उंची, बाकांमधली वाट हेही तिथेच निश्चित झाले. एका मापाच्या मजबूत सांगाड्याच्या गाड्या वर्षानुवर्षे शाळांकडून लिलावात निघू लागल्या, आणि त्या घेणारे तयार झाले.

पहिले बसघर कोणते, याबद्दल मात्र एक ठोकळ समजूत रूढ आहे. लेखक केन केसी आणि त्याच्या मित्रांनी १९६४ मध्ये कॅलिफोर्नियाहून न्यूयॉर्ककडे नेलेली रंगीबेरंगी बस ही या प्रकाराची जननी, असे सर्रास लिहिले जाते. ते टिकण्यासारखे नाही. ती गाडी १९३९ च्या बनावटीची शाळेची बस होती, आणि केसीने ती विकत घेतली तेव्हाच आधीच्या मालकाने आपल्या मोठ्या कुटुंबासाठी तिच्यात झोपायच्या फळ्या व इतर सोयी करून घेतल्या होत्या. म्हणजे हिप्पींनी बसघराला रंग दिला; संसार आधीच मांडलेला होता. इंग्लंडमध्येही पहिल्या महायुद्धानंतर रेल्वेचे मोडीत निघालेले डबे समुद्रकाठी नेऊन लोकांनी त्यांची घरे केली होती. बंडखोरीपेक्षा घरटंचाई व काटकसर यांत या प्रथेचे मूळ मानणारे मत त्यामुळे अधिक पटते. स्टीफन गॅस्किन यांच्याबरोबर सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेला बसगाड्यांचा तांडा १९७१ मध्ये टेनेसी राज्यात 'द फार्म' या वसाहतीत स्थिरावला आणि सुरुवातीला अनेक कुटुंबे त्याच बसगाड्यांत राहिली. फिरते बसघर थांबते झाल्याचे हे ठळक उदाहरण.

स्थानिक पूर्वपीठिका : चाकांवर किंवा पाठीवर घर घेऊन हिंडणे या भागाला नवीन नाही. माण, आटपाडी, जत इकडचे मेंढपाळ धनगर पावसाच्या हिशेबाने घोड्यावर बिऱ्हाड लादून निघतात. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला, की ऊसतोड्यांच्या कोप्या उभ्या राहतात. सर्कशीचा इतिहास तर सांगलीचाच म्हणावा लागेल. विष्णुपंत छत्रे यांचा जन्म अंकलखोपचा. त्यांनी १८८० मध्ये मुंबईत भारतीय सर्कशीचा पहिला खेळ केला, आणि म्हैसाळच्या देवलांची सर्कस पुढे नावारूपाला आली. या सगळ्याला बसघराचा थेट पूर्वज ठरवण्याचा मोह होतो. पण सर्कशीचा मुक्काम तंबूत असे, गाडीत नव्हे. दोहोंचे नाते वृत्तीचे आहे, बांधणीचे नाही. जुन्या बसचा वेगळा उपयोग करण्याचे जवळचे उदाहरण पुण्याचे आहे : तिथे २०१६ च्या सुमारास जुन्या शहर बसगाड्यांत स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे करण्यात आली.

गाडी : भारतात शाळेच्या बसचा रंग, तिच्यावरची 'स्कूल बस' ही अक्षरे, खिडक्यांच्या आडव्या दांड्या इत्यादी गोष्टी सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या निर्देशांनंतर रूढ झाल्या. सातारा, कराड, सांगली, मिरज इकडे शाळा वापरतात त्या बहुतांशी मिनीबस; पाचगणीच्या निवासी शाळांकडे काही मोठ्या गाड्याही असतात. आठ वर्षांनंतर दर वर्षी पासिंग, म्हणजे आरटीओची योग्यता तपासणी, करावे लागते. पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) बसलेले, टायर गोटा झालेले आणि पत्रा खालून खाल्लेला, अशा अवस्थेत पासिंगचा खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ जाऊ लागला, की शाळा ती काढून टाकते. मिनीबसमध्ये आत साधारण १५ फूट बाय सव्वासहा फूट, म्हणजे ९०-९५ चौरस फूट जागा मिळते. मोठ्या बसमध्ये याच्या दुप्पट. उंची ही खरी अडचण : सहा फुटी माणसाला मिनीबसमध्ये मान वाकवून भांडी घासावी लागतात. अमेरिकेत छत कापून वर उचलण्याचा उपाय सर्रास करतात. इथे तो केल्यास गाडीची नोंदलेली उंची बदलते आणि प्रकरण आरटीओत जाते.

बांधणी : पहिले काम बाके काढण्याचे. बोल्ट फरशीतून खाली गेलेले असतात आणि नट खालून गंजलेले. एकाने गाडीखाली आडवे होऊन पान्याने नट धरायचा व दुसऱ्याने वरून फिरवायचा, आणि नाहीच सुटला तर ग्राइंडरने डोके उडवायचे. रबरी मॅटिंग उचलल्यावर खालचे प्लायवूड बहुधा पाण्याच्या बाटल्यांनी काळे पडलेले निघते. कडेच्या फटीत पेन्सिलीचे तुकडे, शार्पनर, डब्याचे झाकण आणि चिंचोके सापडतात. प्लाय काढून लोखंडी आडव्या चॅनेलवरचा गंज तारेच्या ब्रशने घासणे, रेड ऑक्साइड मारणे आणि मगच नवा तळ टाकणे, हा क्रम चुकवू नये. खालचा गंज झाकून वर लाकडी फ्लोअरिंग करणाऱ्याला तेच काम दोन पावसाळ्यांनी पुन्हा करावे लागते.

भिंती म्हणजे लोखंडी चौकोनी पाइपांचा सांगाडा आणि बाहेरून पत्रा. मे महिन्यात माण-खटावात किंवा जतेत हा पत्रा हात ठेववणार नाही इतका तापतो. पाइपांच्या मधल्या खणांत पफ (पॉलियुरेथेन फोम) किंवा ग्लासवूल भरून वर प्लाय बसवतात. थर्माकोल स्वस्त पडतो, पण चालत्या गाडीत तो घासून करकरतो आणि लवकर पेट घेतो. पाइप स्वतःच उष्णता आत आणतो, म्हणून प्लाय थेट पाइपावर न ठोकता मध्ये रबराची किंवा फोमची पट्टी घालावी. महाबळेश्वरकडे प्रश्न उलटा : तिथे वर्षाकाठी ५,५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. थंड पत्र्याच्या आतल्या अंगाला श्वासाचे आणि चुलीचे बाष्प धरते, ते ग्लासवूलमध्ये मुरते आणि भिंत आतून कुजते. गाडीला वरती हवा जायला झडप ठेवल्याशिवाय हा घाम थांबत नाही. खिडक्यांची बीडिंग रबरे बदलणे हे छोटे पण न टाळण्याचे काम.

पाण्याचे गणित वजनाचे आहे. ५०० लिटरची टाकी भरली, की गाडीवर अर्धा टन चढला. ती एका कडेला ठेवली तर गाडी एका पाट्यावर कलते. मागच्या चाकांच्या पुढे व मध्याशी ठेवणे बरे. काम अर्धे झाल्यावर आणि पुरे झाल्यावर गाडी वजनकाट्यावर नेऊन पाहावी. ऊसपट्ट्यात काटा लांब शोधावा लागत नाही.

विजेचा हिशेब असा : ३३५ वॅटच्या दोन सौर पॅनेलांपासून चांगल्या उन्हात दिवसाला अडीच ते तीन युनिट मिळतात. १५० अँपिअर-अवरच्या १२ व्होल्ट ट्युब्युलर बॅटरीत १.८ युनिट मावतात, पण निम्म्याच्या खाली ती उतरवू नये. एवढ्यात दोन कमी विजेचे पंखे, दिवे, मोबाइल आणि लहान फ्रिज चालतो. गिझर व इस्त्री नाही. बऱ्याच मोठ्या बसगाड्यांची मूळ वायरिंग २४ व्होल्टची असते, तिला घरचे १२ व्होल्टचे सामान जोडून जाळून घेतल्याची उदाहरणे गॅरेजवाले हसत सांगतात.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळाला तर तो जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर बाहेरून उघडणाऱ्या, आतून बंद अशा कप्प्यात ठेवून त्या कप्प्याच्या तळाला भोक पाडतात. वरच्या खिडकीचा इथे उपयोग नाही. संडासासाठी रसायनाच्या टाकीपेक्षा कोरडा संडास सोपा. अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून प्रसार केलेल्या सोपा संडासाचे तत्त्व हेच : मैला कोरड्या पदार्थाखाली झाकायचा व त्याचे खत होऊ द्यायचे. लाकडाच्या भुशाऐवजी इकडे उसाच्या चिपाडाचा भुगा वापरता येतो.

कायदा : मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीतील तपशील निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ खाली विनापरवाना बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. बाके काढणे म्हणजे आसनसंख्या बदलणे, पिवळ्याचा पांढरा करणे म्हणजे रंग बदलणे. दोन्हींची आरसीत नोंद लागते. भारतीय मानकांत 'मोटर कॅराव्हॅन' हा स्वतंत्र वाहनप्रकार आहे आणि त्यासाठी एआयएस १२४ हे मानक आहे, परंतु ते मुख्यतः कारखान्यातून किंवा मान्यताप्राप्त बॉडीबिल्डरकडून तयार होणाऱ्या गाडीसाठी लिहिलेले आहे. जुनी बस घरी ठोकून त्यात बसवणे अवघड जाते. महाराष्ट्राचे २०२१ चे कॅराव्हॅन पर्यटन धोरण पर्यटकांच्या मुक्कामासाठी आहे. त्याला कायम राहण्याच्या घराचा परवाना समजू नये.

गाडी घेताना फॉर्म २९ व ३० वर हस्तांतर, फायनान्सचा बोजा असल्यास फॉर्म ३५, भरलेला कर आणि शाळेच्या नावावरचा परवाना जमा केल्याचा कागद पाहावा. 'पासिंग नंतर करून घेऊ' असे सांगणाऱ्याकडून गाडी घेतली, तर ती बहुधा थांबते बसघर होण्यासाठीच घेतलेली असते. एमएच-१० (सांगली), एमएच-११ (सातारा) व एमएच-५० (कराड) या तिन्ही कार्यालयांना कायदा एकच लागू आहे. जिल्हा बदलून वाट मिळत नाही.

थांबत्या बसघराला आरटीओचा त्रास उरत नाही. नोंदणी रद्द करताना चासी नंबरचा तुकडा कापून जमा करतात, तेव्हापासून ती गाडी नव्हे. मग ती जमिनीच्या कायद्याखाली येते. शेतजमिनीवर शेतीसाठीची इमारत उभारण्याची मुभा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम ४१ मध्ये आहे, तिच्याही अटी आहेत. खाली विटांचे जोते, बाजूला पडवी आणि मागे शोषखड्डा आला, की त्या बसला इमारत न मानणे कठीण होते. द्राक्षबागेतील पहाऱ्याची खोली म्हणून उभी केलेली बस आणि वीकएंडला भाड्याने दिलेली बस यांत तलाठ्याला दिसणारा फरक मोठा आहे.

पूर : सांगलीत नदीकाठी बसघर ठेवणाऱ्याने आयर्विन पुलाच्या खुणेकडे लक्ष ठेवावे. हा पूल १९२९ चा. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. २००५ व २०२१ मध्येही शहरात पाणी शिरले. घराला चाके आहेत म्हणून ते मिरजेच्या उंचावर नेता येईल, हा हिशेब कागदावर बरोबर आहे. पण महिनोन् महिने उभ्या गाडीची बॅटरी उतरते, ब्रेक धरून बसतात, टायर एका जागी चपटतात. म्हणून जाणती मंडळी पावसाळ्यात आठवड्यातून एकदा इंजिन चालू करून गाडी दहा-वीस फूट पुढे-मागे घेतात, आणि त्याआधी कपाटातली काचेची भांडी खाली चादरीवर काढून ठेवतात.