आई-बाप हयात असले की मामा-मावशीला मुलाचा ताबा मिळतच नाही?

"आई किंवा बाप जिवंत आहे ना, मग आजी-मामांनी कोर्टात जाऊन काही उपयोग नाही." पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. खरं वाटणं साहजिक आहे, कारण आई-वडिलांचा हक्क पहिला असतोच.

पण १८९० चा पालक आणि पाल्य कायदा उघडून बघा, नेटवर फुकट मिळतो. कलम ८ नुसार कोणताही नातेवाईक अर्ज करू शकतो, अगदी स्नेहीसुद्धा. गैरसमजाचं मूळ बहुधा कलम १९ मध्ये असावं. आई किंवा वडील हयात असतील तर दुसरा पालक नेमू नये, असं ते म्हणतं खरं. पण पुढेच अट आहे, कोर्टाच्या मते ते अपात्र नसतील तर. फॉरवर्डमध्ये नेमकी ही अट गळते.

कलम १७ मध्ये मुलाचं हित बघायला सांगितलंय. समज आलेल्या मुलाची इच्छाही कोर्ट विचारात घेऊ शकतं, म्हणजे पंधरा वर्षांच्या पोराचं म्हणणं वाया जात नाही. निकालाआधी तात्पुरत्या ताब्याची सोय कलम १२ मध्ये आहे.

मूल पुण्यात राहत असेल तर अर्ज इथल्याच कौटुंबिक न्यायालयात. नुसतं "बाप लक्ष देत नाही" म्हणून भागत नाही. प्रगतिपुस्तकावर दोन वर्षं मावशीचीच सही, फीच्या पावत्या, दवाखान्याचे कागद, असे पुरावे लागतात. आणि नोटरीकडून स्टँपपेपरवर लिहून आणलेला 'ताबा' कोर्टाच्या हुकुमाची जागा घेत नाही.

मुलाला मारहाण होत असेल, उपाशी ठेवत असतील, तर अर्जाची वाट न बघता १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन लावा.