चंचीतला चुना आणि पाइपातला धूर

अकबर बादशहाने वयाच्या बासष्टीत तंबाखू ओढून पाहिली. दोन-तीन झुरके, त्याहून जास्त नाही. १६०४-०५ च्या सुमाराची गोष्ट. त्याचा दूत असद बेग विजापूरच्या दरबारातून परतला होता आणि येताना तंबाखू घेऊन आला होता. गोव्याच्या पोर्तुगीजांचा शेजार असल्यामुळे दख्खनला ती ठाऊक झाली होती. मोगल दरबाराला नवीन होती. आदिलशहाने भेट दिलेली पानाची सुरेख चंची असद बेगने तंबाखूने भरली, सुमात्रा बेटावरच्या अचिनहून आलेली तीन हात लांबीची नळी मिळवली, तिच्या तोंडाशी येमेनी अकीक बसवला आणि हा सगळा थाट बादशहापुढे मांडला. अकबराने नळी तोंडाला लावली आणि हकीम आडवा आला. या वस्तूचा आमच्या ग्रंथांत उल्लेख नाही, कुणी पारखलेली नाही, ती हुजुरांनी घेऊ नये, असं त्याचं म्हणणं. वाद झाला. अकबराने ती सवय लावून घेतली नाही. दरबारातले अमीर-उमराव मात्र लागले ते लागलेच.

असद बेगने आपल्या तंबाखूचा एक गुण आवर्जून लिहून ठेवलाय. एक पान पेटवलं की बाकीची आपोआप जळत राहतात, इतकी ती उत्तम होती. नवशिक्याने तंबाखू कशी पारखावी यावरचा हा चारशे वर्षांपूर्वीचा सल्ला आहे, आणि तो वाईट नाही.

आज पाइप ओढायला शिकणाऱ्या नवशिक्यापुढे तंबाखूचे डबे असतात. डब्यावर जहाज, दाढीवाला खलाशी, शेकोटीजवळची खुर्ची. मागच्या बाजूला वर्णन: मनुका, वाळलेलं गवत, चामडं, व्हॅनिला. या वर्णनावरून तंबाखू निवडणं म्हणजे पत्रिकेच्या कागदावरून लग्न ठरवण्यासारखं. खरी निवड दोन गोष्टींत असते. पानात साखर किती उरली आहे आणि त्याचा धूर आम्लाकडे झुकतो की अल्कलीकडे. या दोन्ही गोष्टी पान शेतातून निघाल्यावर कसं सुकवलं यावर ठरतात. यातली दुसरी गोष्ट समजून घ्यायला आपल्याला परदेशी जायची गरज नाही. एस.टी.च्या बाकावर शेजारी बसलेला माणूस तळहातावर ती करून दाखवत असतो.

तंबाखू मळताना चुना कशाला, असं विचारलं तर ‘त्याशिवाय लागत नाही’ असं उत्तर मिळतं. ते रसायनशास्त्राच्या दृष्टीने अचूक आहे. निकोटीन तंबाखूच्या मुळांत तयार होतं, तिथून वर चढून पानात साठतं. पानात ते आम्लांशी बांधलेलं असतं आणि त्याच्यावर विद्युतभार असतो. असा भारित रेणू गालाच्या आतल्या स्निग्ध पेशीपटलातून सहजी पलीकडे जात नाही. चुना अल्कली आहे. तो आम्लाचा बंदोबस्त करतो, निकोटीन मोकळं होतं आणि गालातून थेट रक्तात उतरतं. सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप) ८ च्या आसपास असेल तर जवळजवळ निम्मं निकोटीन मोकळं असतं. तोच ६ असेल तर शंभरातला जेमतेम एक भाग. चिमूटभर चुन्याने एवढा फरक पडतो.

पाइपात चुना कुणी घालत नाही. तिथे चुन्याचं काम पान स्वतः करतं, किंवा करत नाही. पानात साखर भरपूर असली तर जळताना तिच्यापासून फॉर्मिक, ॲसेटिक अशी आम्लं होतात आणि धूर आंबटाकडे झुकतो. साखर नसेल आणि नायट्रोजनयुक्त पदार्थ जास्त असतील तर जळताना अमोनिया सुटतो आणि धूर अल्कलीकडे जातो. म्हणजे एकाच्या धुरात चुना आहे, दुसऱ्याच्यात नाही. पाइपच्या तंबाखूतले दोन मोठे पंथ इथे फुटतात: व्हर्जिनिया आणि बर्ली.

व्हर्जिनिया हे आता प्रांताचं नाव कमी आणि सुकवण्याच्या रीतीचं नाव जास्त. अशी तंबाखू आंध्रात पिकते, कर्नाटकात हुणसूर-पिरियापट्टणच्या बाजूलाही पिकते. आंब्याची आढी लावणाऱ्याला ही रीत समजावून सांगावी लागणार नाही. तोडलेलं पान अजून जिवंत असतं. बंद खोलीत ३५ ते ४० अंशांच्या उबेत ते ठेवलं की त्यातल्या पिष्टाची साखर होऊ लागते आणि पान पिवळं पडतं. आंबा असाच आढीत गोड होतो. मग नेमक्या वेळी उष्णता वाढवत ७० अंशांपर्यंत न्यायची. पान मरतं, वितंचकं (एन्झाइम्स) निकामी होतात आणि साखर पानात अडकून राहते. पाच ते सात दिवसांचं काम. सुक्या पानात वजनाच्या १० ते २५ टक्के साखर निघू शकते. या झगझगीत पिवळ्या पानाची कथा अशी सांगतात की, १८३९ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या एका मळ्यावर स्टीफन नावाचा गुलाम लोहार सुकवणीच्या खोलीवर राखण करत होता. त्याचा डोळा लागला, आग विझत आली. जाग आल्यावर त्याने घाईघाईने भट्टीतला कोळसा आणून टाकला आणि त्या कोरड्या, अचानक चढलेल्या उष्णतेने पानं सोन्यासारखी पिवळी झाली. मळ्याचा मालक स्लेड या पानावर नावारूपाला आला. स्टीफनलाही इतिहास मालकाचंच आडनाव लावून ओळखतो.

बर्लीची गोष्ट उलटी. १८६४ साली ओहायोतल्या एका शेतात नेहमीच्या रोपांत काही फिकट, हरितद्रव्य कमी असलेली रोपं आली. त्यांतून पांढरी बर्ली निघाली. ही पानं हवेशीर छपरात सहा-आठ आठवडे नुसती टांगून ठेवतात. पान सावकाश मरतं, आणि मरेपर्यंत श्वसन करत राहतं. श्वसनाला इंधन लागतं, ते म्हणजे साखर. शेवटी साखर एक टक्काही उरत नाही. चव सुक्या मेव्यासारखी, कोरडी. धूर अल्कलीकडे झुकलेला. निकोटीन भरपूर आणि तेही मोकळं.

मग नवशिक्याने काय घ्यावं? ‘सौम्य’ म्हणून ज्याच्या हातात शुद्ध व्हर्जिनियाचा डबा दिला जातो तो दोन दिवसांत जीभ सोलून घेतो, असा अनुभव बरेच जण सांगतात. गोड तंबाखूत निकोटीन हळू उतरतं, काही लागत नाही असं वाटतं, म्हणून माणूस भराभर ओढतो, आणि भराभर ओढलं की गरम होतं. उलट नुसती बर्ली घेतली तर पहिल्याच दिवशी दरदरून घाम, मळमळ, खुर्चीला घट्ट धरून बसणं. माझं मत विचाराल तर दोहोंच्या मध्ये असलेलं मिश्रण नवशिक्याला जास्त झेपतं. बर्लीचा कणा, थोडी व्हर्जिनिया, वरून सुगंध जवळजवळ नाही. डब्याच्या वर्णनात असली तंबाखू फार कंटाळवाणी वाटते. नवशिक्यासाठी ती चांगलीच खूण आहे.

सुगंधाचा मोह मात्र सुटत नाही. व्हॅनिला, चेरी, रम घातलेल्या तंबाखूचा वास शेजारच्याला इतका आवडतो की तो ओढणाऱ्याला दुवा देतो, आणि ओढणाऱ्याच्या तोंडात गरम पाणी. यात कुणी फसवत नाही. वरून शिंपडलेले सुगंधी रेणू हलके असतात. विस्तव त्यांच्यापर्यंत पोचण्याआधीच ते उडून खोलीत जातात. शिवाय अशी तंबाखू वाळू नये म्हणून तीत प्रोपिलीन ग्लायकॉल घालतात. ते पाणी धरून ठेवतं. पाणी असलं की वाफ होणार, आणि वाफ काय करते हे गणेशचतुर्थीला मोदकपात्राचं झाकण उघडताना हात पोळलेल्या कुणालाही विचारा. एक ग्रॅम वाफ नुसती पाणी होताना ५४० उष्मांक सोडून जाते, तेही जिभेवर. त्यामुळे जीभ पोळण्याची तक्रार करणाऱ्याला तंबाखू बदलण्याआधी एक करून पाहता येतं. चिमूटभर तंबाखू बोटांत दाबायची. गोळा होऊन राहिली तर ओली आहे, तासभर कागदावर पसरून ठेवावी. कुरकुरली तर जास्त वाळली आहे. दाबल्यावर सावकाश उलगडली तर ठीक. असद बेगची ‘एक पान पेटलं की सगळी’ तंबाखू बहुधा या परीक्षेत उतरली असती.

तंबाखू कशी चिरली आहे, याचाही यात भाग आहे. बारीक केसासारखी कापलेली तंबाखू पटकन पेटते आणि गरम जळते, कारण हवेला भिडणारा पृष्ठभाग मोठा. दाबून वडी करून कापलेले काप सावकाश जळतात, पण ते चुरगाळून भरण्याची कला आधी यावी लागते. सुरुवातीला मध्यम, सुट्या फिती बऱ्या.

मिश्रणात मसाल्यासारख्या थोड्या घालायच्या तंबाखूंबद्दल मात्र थोडं रेंगाळायला हवं, कारण सगळ्यात सुरस रसायन तिथे आहे. लताकिया हे सीरियातल्या बंदराचं नाव. आता ही तंबाखू सायप्रसची असते. पानं उन्हात वाळवून नंतर सुगंधी झुडपांच्या आणि लाकडाच्या धुरात टांगतात, अगदी काळी होईपर्यंत. लाकडातल्या लिग्निनचं विघटन होऊन ग्वायकॉलसारखे फिनॉलवर्गी रेणू निघतात आणि पानात मुरतात. निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याच्या भरितात आपण ज्याला ‘धुराचा वास’ म्हणतो, तो याच कुटुंबातला. लताकिया आवडणाऱ्याला ती फार आवडते आणि घरातल्या उरलेल्या सर्वांना टायर जळाल्याचा भास होतो.

दुसरी पेरिक. लुईझियानात मिसिसिपीकाठी सेंट जेम्स परगणा आहे, तिथल्या मोजक्या शेतांत ती होते. पानं ओकच्या पिंपात भरून वरून स्क्रूच्या जॅकने जबर दाबतात. पानांचा रस सुटतो, हवा जवळजवळ संपते आणि त्या रसात यीस्ट कामाला लागतं. अधूनमधून दाब काढून पानं बाहेर घ्यायची, उलथीपालथी करायची, पुन्हा दाबायची. वर्षभर तरी हे चालतं. बरणीला दडपण ठेवून मुरवलेल्या लोणच्याशी याचं नातं सरळ आहे. वास पिकलेल्या आलुबुखाराचा, आणि चवीला मिरपूड. ही तंबाखू कुणी नुसती ओढत नाही. मिश्रणात दहा टक्के असली तरी पुष्कळ. नवशिक्याने तिच्या वाटेला उशिरा जावं, पण जगात तंबाखूचं लोणचं घालणारी माणसं आहेत हे त्याला माहीत असावं.

आता पाइपवाल्यांचा लाडका युक्तिवाद: ‘आम्ही धूर छातीत घेत नाही, त्यामुळे पाइप निरुपद्रवी.’ याचा पहिला अर्धा भाग बऱ्याच अंशी खरा आहे आणि त्याचं कारण वर आलंच आहे. अल्कलीकडचा धूर घशाला इतका खरखरीत लागतो की छातीत ओढवत नाही, आणि ओढायची गरजही पडत नाही, निकोटीन तोंडातूनच मिळतं. सिगारेटची गोड व्हर्जिनिया आम्लधर्मी धूर देते, तो मऊ लागतो, तोंडातून काही मिळत नाही, म्हणून छातीत घ्यावा लागतो. पण धूर तोंडात ठेवला म्हणजे त्यातली कर्करोगकारक द्रव्यंही तोंडातच ठेवली. जर्मन शरीरशास्त्रज्ञ सॉमरिंग याने १७९५ मध्येच नोंदवलं होतं की ओठाचा कर्करोग पाइप ओढणाऱ्यांत जास्त दिसतो. अमेरिकेत १९८२ पासून अठरा वर्षं चाललेल्या एका मोठ्या पाहणीत फक्त पाइप ओढणाऱ्या पुरुषांना फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका कधीच तंबाखू न ओढणाऱ्यांच्या सुमारे पाचपट आढळला, स्वरयंत्राच्या कर्करोगाचा त्याहूनही जास्त. बर्लीत नायट्रेट जास्त असल्याने नायट्रोसामाइन ही कर्करोगकारक द्रव्यं जास्त, लताकियासारख्या धुरीच्या तंबाखूत धुराची स्वतःची भर. यातली कुठलीही निवड सुरक्षित नाही, चवीची निवड तेवढी आहे. हकीम तेव्हा चुकला नव्हता.

नवशिक्याला गरगरतं ते साधारणपणे पाइप संपता संपता. विस्तव वरून खाली सरकत असताना त्याच्यापुढची उष्णता खालच्या तंबाखूतलं पाणी आणि निकोटीन उडवत असते. ते आणखी खाली जाऊन थंड तंबाखूवर पुन्हा जमतं. म्हणजे तळाची चिमूट ओलीही होते आणि कडकही. आपल्या चिलमीला तळाशी खडा असतो आणि तोंडाशी ओल्या फडक्याची छापी. पाइपात दोन्ही नाहीत. मक्याचं दाणे काढलेलं कणीस कोरून केलेला मिसुरीचा स्वस्त पाइप मात्र यातला काही ओलावा शोषून घेतो, म्हणून शिकायला तो महागड्या ब्रायर लाकडाच्या पाइपपेक्षा बरा. तरीही तळाचा तो काळा, चिकट भाग पैसे मोजलेत म्हणून संपवण्याची सक्ती नाही. जुने पाइपवाले तो भाग न पाहता राखदाणीत झटकून टाकतात.