हिऱ्याचे कोन आणि प्रकाश : प्रमाणांच्या शोधाची पार्श्वभूमी

हिरा चमकतो तो त्याच्या अंगच्या गुणामुळे, हे अर्धेच खरे आहे. अंगचा गुण एवढाच की त्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो याचे माप, 2.417 असल्याने त्याचा क्रांतिक कोन अवघा 24.4 अंशांचा भरतो. म्हणजे आतून पृष्ठभागावर येणारा किरण लंबाशी याहून मोठा कोन करत असेल तर तो बाहेर न पडता संपूर्ण परावर्तित होतो. साध्या काचेत हीच मर्यादा 41 अंशांच्या आसपास असल्याने काचेतून प्रकाश सहज निसटतो. हिऱ्यात शिरलेला प्रकाश कोंडून धरणे तुलनेने सोपे असते. कठीण असते ते त्याला पाहणाऱ्याच्या डोळ्याकडे परत धाडणे, आणि ते काम पैलूंच्या कोनांवर अवलंबून असते.

हिऱ्याचे स्फटिक पुष्कळदा अष्टफलकाच्या आकारात सापडतात. आरंभीचे कारागीर त्या नैसर्गिक बाजूंना केवळ झिलई देत. पुढे त्यांनी वरचे टोक घासून सपाट केले आणि 'टेबल कट' तयार झाला. त्याच्या खालच्या बाजू आडव्या पातळीशी सुमारे 54.7 अंशांनी कललेल्या असतात. टेबलातून, म्हणजे माथ्यावरच्या सपाट पैलूतून, सरळ खाली आलेला किरण पहिल्या बाजूवर 54.7 अंशांनी आदळून परावर्तित होतो, पण समोरच्या बाजूवर तो लंबाशी जेमतेम 15.8 अंश करून पोहोचतो आणि क्रांतिक कोनाच्या आत असल्यामुळे तेथून बहुतांशी निसटून जातो. गुलाबाच्या कळीसारख्या 'रोझ कट'चा तर तळच सपाट असल्याने वरून आलेला प्रकाश त्यातून आरपार जाई; म्हणूनच अशा हिऱ्यांच्या कोंदणात खाली चकचकीत पत्रा घालावा लागे.

सतराव्या शतकाच्या अखेरीस 'ब्रिलियंट' प्रकारची घडण रुजू लागली. खाली निमुळता होत जाणारा, अनेक पैलूंचा तळ, म्हणजे 'पॅव्हिलियन', आणि वर पैलूदार माथा, म्हणजे 'क्राऊन', ही रचना मुळात आजचीच आहे. प्रमाणे मात्र वेगळी होती. लंडनचे जवाहिरे डेव्हिड जेफ्रीज यांनी 1750 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तळाला आणि माथ्याला 45 अंशांचा कोन सुचवला होता. भूमितीच्या दृष्टीने हा आकडा देखणा आहे, प्रकाशाच्या दृष्टीने नाही. तळाचा कोन बरोबर 45 अंश असेल तर टेबलातून सरळ खाली गेलेला किरण दोन परावर्तनांनंतर आला त्याच दिशेने परत फिरतो. वरून पाहणाऱ्याच्या डोळ्याला त्यामुळे टेबलात स्वतःच्या डोक्याची सावलीच दिसते. फार खोल तळाच्या हिऱ्याचा मध्यभाग काळवंडलेला दिसतो, त्यामागचे कारण हेच. स्नेलचा अपवर्तनाचा नियम सतराव्या शतकापासून ठाऊक असूनही हिरे घासणाऱ्यांच्या कारखान्यात तो पोहोचायला आणखी दोन शतके लागावीत, याचे आश्चर्य वाटते. पण दर वजनावर ठरत असताना कोन सुधारण्यासाठी वजन घालवायला सहसा कोणी तयार नसे, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

या पेचाचे सर्वांत गाजलेले उदाहरण कोहिनूरचे. 1851 साली लंडनच्या महाप्रदर्शनात तो मांडला गेला, तेव्हा गर्दी लोटली आणि बहुतेकांची निराशा झाली. गॅसच्या दिव्यांची योजना करूनही तो अपेक्षेप्रमाणे झळाळेना, कारण त्याची मुघलकालीन घडण वजन राखणारी होती, प्रकाश परतवणारी नव्हे. पुढच्याच वर्षी राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांच्या पुढाकाराने ॲमस्टरडॅमच्या कोस्टर या पेढीच्या कारागिरांनी तो नव्याने घासला. सुमारे 191 मेट्रिक कॅरटचा हिरा 105.6 कॅरटवर आला. वजनाची ही हानी अनेकांना तेव्हाही खटकली आणि आजही खटकते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वजनापेक्षा झळाळीला झुकते माप देणारे कारागीर पुढे येऊ लागले. बॉस्टनचे हेन्री मोर्स त्यांपैकी ठळक नाव. ते कोन मोजून हिरे घासत आणि त्यासाठी वजन गमावण्याची त्यांची तयारी असे. हिऱ्याला नेमका गोल आकार देणारे यंत्रही त्यांच्याच कारखान्यात विकसित झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी हिरे कापणारी यांत्रिक करवत आली, तेव्हा अष्टफलकाचे वरचे टोक घासून वाया घालवण्याऐवजी त्याचा दुसरा लहान हिरा करता येऊ लागला. चांगल्या कोनांचा आर्थिक तोटा त्यामुळे कमी झाला आणि गणित येण्याआधीच हात योग्य प्रमाणांकडे वळू लागले.

ते गणित 1919 साली आले. अँटवर्पच्या हिरे घासणाऱ्या घराण्यात जन्मलेले आणि लंडनमध्ये अभियांत्रिकी शिकणारे मार्सेल टोलकोव्स्की यांनी विशीच्या उंबरठ्यावर 'डायमंड डिझाइन' हे छोटे पुस्तक लिहिले. त्यांनी हिऱ्याचा उभा छेद घेऊन किरणांचा मार्ग काढला आणि झळाळी व रंगांची उधळण यांचा मेळ घालणारी प्रमाणे मांडली : तळाचा कोन 40.75 अंश, माथ्याचा 34.5 अंश आणि टेबल व्यासाच्या 53 टक्के. तळाच्या या कोनात सरळ शिरलेला किरण दोनदा परावर्तित होऊन आतून टेबलाच्या लंबाशी 17 अंश कलून पोहोचतो आणि बाहेर पडताना सुमारे 45 अंशांवर झुकतो. प्रकाशाचा मार्ग उलटाही तसाच असल्यामुळे वरून पाहणाऱ्याला टेबलात दिसतो तो बाजूने, 45 अंशांवरून आलेला प्रकाश, आणि त्याचे स्वतःचे डोके वाटेत येत नाही.

या आकड्यांना पुढे जे देव्हाऱ्यात बसवले गेले, ते मात्र अनाठायी वाटते. टोलकोव्स्कींचे गणित दोन मितींतले होते. शिवाय त्यांनी आपले निष्कर्ष उत्तम घासलेल्या प्रत्यक्ष हिऱ्यांच्या मापांशी पडताळले आणि ती मापे बरीच जुळली. म्हणजे कारागिरांची नजर तेथवर आधीच पोहोचली होती. इतरत्र उत्तरेही थोडी वेगळी निघाली. जर्मनीत एपलर यांनी सुमारे 1940 साली 56 टक्के टेबल आणि 33.2 अंशांचा माथा सुचवला, तर 1969 च्या स्कँडिनेव्हियन मानकात टोलकोव्स्कींचेच कोन ठेवून टेबल 57.5 टक्के धरले गेले.

एकच आदर्श आहे की अनेक, हा वाद संगणकाने मिटवला. अमेरिकेतील जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट, म्हणजेच जीआयए, हिने त्रिमितीय प्रतिरूपात असंख्य किरणांचे मार्ग काढून झळाळीवरचा अभ्यास 1998 साली आणि रंगांच्या उधळणीवरचा 2001 साली प्रसिद्ध केला. कोणतेही एक माप सुटे घेऊन हिऱ्याचा दर्जा सांगता येत नाही, हा त्यातला महत्त्वाचा भाग. माथा थोडा उभट झाला तर तळ किंचित उथळ करून तोल साधता येतो. दोन्ही उभट झाले तर प्रकाश तळातून गळतो. आणि तळ फार उथळ झाला तर टेबलाच्या कडेने गर्डलचे, म्हणजे माथा आणि तळ यांमधल्या कडेचे, करडे प्रतिबिंब माशाच्या डोळ्यासारखे दिसू लागते. तळाकडच्या बारीक पैलूंची लांबीही यात येते : जुन्या हिऱ्यांत ते आखूड असल्याने लखलखाट मोठ्या, ठसठशीत तुकड्यांत दिसे, तर आज ते लांब ठेवले जात असल्याने तो बारीक तुकड्यांत विखुरतो. यांतले सरस काय, हा मला आवडीनिवडीचा प्रश्न वाटतो.

संगणकाच्या जोडीला प्रत्यक्ष पाहणाऱ्यांची हजारो निरीक्षणे घेऊन जीआयएने 2006 पासून गोल ब्रिलियंटच्या घडणीला 'एक्सलंट' ते 'पुअर' अशा पाच श्रेणी देण्यास सुरुवात केली. अमेरिकन जेम सोसायटीने त्याच सुमारास दुसरी वाट धरली. तिने विकसित केलेल्या परीक्षणात क्षितिजापासून 45 अंशांपर्यंतचा प्रकाश हिरव्या रंगाने, 45 ते 75 अंशांमधला लाल रंगाने आणि त्यावरचा, म्हणजे पाहणाऱ्याच्या डोक्याने अडणारा, निळ्या रंगाने दाखवला जातो. निळा थोडा हवाच असतो, कारण काळ्या-पांढऱ्याच्या विरोधातूनच हिरा जिवंत भासतो. तो मध्यभागी साचला तर घडण खोल झाली असे समजावे. लांबट आकारांत तळाचा कोन दिशेगणिक बदलतो, त्यामुळे अंडाकृती हिऱ्याच्या आडव्या पट्ट्यात हाच निळा बो-टायच्या आकारात जमतो, आणि गोल हिऱ्यासाठी बांधलेले कोष्टक तेथे उपयोगी पडत नाही.